फोटोतलं पाणी कोणत्या महिन्याचं?

ताई, सप्रेम नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यात, आर्णी तालुक्यातल्या एका गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. घरी सात एकर वावर आहे, ते आमचे हे पाहतात. मुलगा सहावीत आहे. घरातल्या एकानंही अजून समुद्र पाहिलेला नाही. मुलानं मोबाइलवर लिटल अंदमान बेटावरच्या धबधब्याचा फोटो पाहिला आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. सासूबाई ६६ वर्षांच्या आहेत, गुडघे दुखतात. पण अंदमानचं नाव निघाल्यावर त्या म्हणाल्या, "सावरकरांची कोठडी पाहाले भेटत असन तर मीबी येतो." मेच्या शेवटच्या आठवड्यात सहा दिवसांत जाऊन यायचा बेत आहे. सहल ठरवून देणारा म्हणतो, होऊन जाईल. शेजारचे म्हणतात, धबधबाच पाहायचा तर सहस्रकुंड काय वाईट आहे? पैसे दोन वर्षांच्या बचतीचे आहेत, म्हणून भीती वाटते. जावं का? सासूबाईंना न्यावं का? आणि मुलगा विचारतो, त्या धबधब्याचं पाणी पुढं कुठं जातं? त्यालाही उत्तर द्या.

मॅडम, नमस्कार.

जा. हे आधी सांगून टाकते. सहस्रकुंड सुंदरच आहे. पावसाळ्यात पैनगंगा त्या काळ्या खडकांवरून कोसळते तेव्हा बोललेलं ऐकू येत नाही. पण शेजाऱ्यांच्या त्या तुलनेत तुम्ही पडू नका. पोराला बेटावरचं पाणी पाहायचं आहे आणि तुम्ही दोन वर्षं त्यासाठी पैसे बाजूला टाकले आहेत, एवढं पुरे.

मात्र तुमच्या बेतातल्या दोन गोष्टी मला मान्य नाहीत: मेचा शेवटचा आठवडा आणि सहा दिवस. तुम्ही सगळं धबधब्याभोवती आखलंय. लिटल अंदमानला जायचं तर बेत बोटीभोवती आणि उजेडाभोवती आखावा लागतो. धबधबा त्यात शेवटी येतो, अन् तोही दोन-तीन तासांपुरता.

आधी महिन्याचं बोलू. दरवर्षी मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास आपल्याकडे बातमी येते, "मान्सून अंदमानात दाखल." पारावर त्या दिवशी दुसरं बोलणंच नसतं. कास्तकार बियाण्याचा हिशेब काढतो, वखरणी राहिलेली असेल तर घाई करतो. आपल्यासाठी ती बातमी आशेची असते, कारण पाऊस अजून लांब असतो. पण ज्या बेटांवर तो दाखल झालेला असतो तिथं त्या दिवसांत वारा सुटलेला असतो, समुद्र उधाणलेला असतो, आणि छोट्या बेटांच्या बोटी कधी सुटतात, कधी सुटत नाहीत. तुम्ही निवडलेला आठवडा नेमका त्याच्या पाठोपाठचा आहे. आपण ज्या पावसाची वाट पाहतो तो तुम्हाला बोटीवर गाठेल.

अंदमानला पावसाचे दोन हंगाम असतात, हे आपल्याकडच्या माणसाच्या चटकन लक्षात येत नाही. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्येचा, तो संपतो न संपतो तोच ईशान्येकडचा, तो डिसेंबरपर्यंत रेंगाळतो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो तिथं. आपल्या यवतमाळात हजाराच्या आतबाहेर पडतो आणि तेवढ्यातही आपण पुरानं हैराण होतो. त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीचाही विचार करू नका. ऑक्टोबर-नोव्हेंबर हे बंगालच्या उपसागरात चक्रीवादळं उठण्याचे दिवस. शिवाय घरी कापूस वेचणी ऐन भरात असते, तुमचे मालक वेचणाऱ्या बाया मिळवायच्या चिंतेत असतील. त्यांचं मन बोटीत लागणार नाही.

राहतो तो संक्रांतीनंतरचा काळ. जानेवारीचा दुसरा पंधरवडा, फार तर फेब्रुवारीचा पहिला आठवडा. समुद्र निवलेला असतो आणि नुकताच पाऊस सरलेला असल्यानं ओढ्यांना पाणी असतं. मार्च-एप्रिलला समुद्र अजून शांत, पण धार बारीक होत जाते. मुलाला एक गोष्ट विचारायला सांगा: ज्या फोटोवर तो भाळलाय, ते पाणी कोणत्या महिन्याचं आहे? कडा भरून पांढरंशुभ्र पाणी दिसत असेल तर तो फोटो पावसाळ्यातला किंवा पाऊस संपता संपता घेतलेला असणार. ते पाणी आणि शांत समुद्र, दोन्ही एकाच वेळी पूर्ण मिळत नाहीत. जानेवारीत दोन्ही थोडं थोडं मिळतं. तेवढ्यावर समाधान मानायची तयारी घरातल्या सगळ्यांची आत्ताच करून ठेवा.

तुम्ही म्हणाल, जानेवारीत शाळा असते. मीही चोवीस वर्षं शाळेतच काढली, मला रजेचं गणित माहीत आहे. किरकोळ रजा राखून ठेवा, कमी पडेल तिथं अर्जित टाका, आणि मुख्याध्यापकांना पावसाळ्यातच सांगून ठेवा. सहावीतल्या पोराची बारा दिवस शाळा बुडाली तर काही बिघडत नाही. परत आल्यावर त्याला वर्गात उभं करून बोलायला लावा. रजा मिळणारच नसेल तर दुसरा पर्याय मेचा पहिला आठवडा, आणि पंधरा तारखेच्या आत घरी. पाणी बारीक असेल, उकाडा खूप असेल आणि चक्रीवादळाची शक्यता मेमध्येही असते, हे धरून चालायचं. तूर सोंगून, काढून झाली आणि कपाशीची उलंगवाडी व्हायला अवकाश असला की जानेवारीअखेर तुमच्या घरालाही थोडी उसंत मिळते, म्हणून माझं मत त्याच दिवसांकडे झुकतं.

आता दिवस. सहा दिवसांत हे "होऊन जाईल" असं ज्यानं सांगितलं, त्यानं लिटल अंदमानचा नकाशा पाहिलेला नाही, किंवा पाहूनही तो तुम्हाला दाखवलेला नाही. आर्णीहून नागपूर, नागपूरहून बल्लारशाहमार्गे चेन्नई, त्या गाडीला सोळा ते वीस तास. चेन्नईहून विमानानं दोन-सव्वादोन तासांत पोर्ट ब्लेअर. (सप्टेंबर २०२४ पासून त्याचं नाव श्री विजयपुरम आहे. तिकिटावर, पाटीवर दोन्ही नावं दिसली तर गोंधळू नका.) चेन्नईहून जहाजही जातं, पण त्याला तीन दिवसांच्या आसपास लागतात. समुद्र कधी न पाहिलेल्या घरानं आणि दुखऱ्या गुडघ्यांच्या माणसानं त्या वाटेला जाऊ नये असं मला वाटतं.

इथपर्यंत सगळं सोपं. अवघड भाग पुढं आहे. लिटल अंदमान पोर्ट ब्लेअरपासून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास दक्षिणेला. जायला सरकारी बोट, ती फिनिक्स बे धक्क्यावरून सुटते आणि हट बे नावाच्या बंदराला लागते. साधारण सहा ते आठ तास. कोणती बोट मिळते आणि समुद्र कसा आहे त्यावर वेळ कमीजास्त होतो. आपल्या एसटीसारखं रोजचं ठरलेलं वेळापत्रक धरून चालू नका. वार बदलतात, वेळा बदलतात, एखादी बोट दुरुस्तीला गेली तर फेरीच रद्द होते. तिकिटं फार आधी मिळत नाहीत, काही दिवस आधी खुली होतात. बेटावरच्या रहिवाशांसाठी भाडं वेगळं असतं. त्यांच्यासाठी ती बोट म्हणजे बाजार, दवाखाना, कॉलेज, सगळं तीच. तुम्ही सहलीला जाताय, ते घरी जातायत, हे रांगेत उभं राहताना ध्यानात असू द्या. सगळ्यांची आधार कार्डं मूळ प्रत घेऊन जा. भारतीय माणसाला तिथं जायला वेगळा परवाना लागत नाही, राखीव भाग सोडून. त्याबद्दल पुढं सांगते.

माझ्या बाबतीत काय झालं ते सांगते, म्हणजे दिवसांचा हिशेब पटेल. बहीण, मेहुणे आणि मी, असे तिघं जानेवारीअखेरीला गेलो होतो. जाताना सगळं सुरळीत. परतीच्या आदल्या संध्याकाळी हट बेच्या धक्क्यावर कळलं, वारा वाढलाय, उद्याची बोट नाही. परवाचीही नव्हती. आम्ही दोन दिवस तिथंच अडकलो आणि चेन्नईचं विमान आमच्याशिवाय गेलं. त्यात कोणाची चूक नव्हती, समुद्रापुढं कोण काय करणार. चूक आमची, की परतीच्या बोटीच्या दुसऱ्याच दिवशीचं विमान आम्ही काढून ठेवलं होतं. बहीण रात्रभर जागी होती. पैशांपेक्षा तिला याचं वाईट वाटत होतं, की ती दोन दिवस समुद्राकडे तोंड करून बसली आणि तिला समुद्र दिसलाच नाही, फक्त बोट दिसत नव्हती.

म्हणून घरापासून घरापर्यंत तेरा दिवस धरा. दोन दिवस चेन्नईपर्यंत. तिसऱ्या दिवशी विमान, चौथा दिवस पोर्ट ब्लेअरला, पाचव्या दिवशी बोट. सहावा-सातवा हट बेला, आठवा मोकळा. नवव्या दिवशी परत बोट. दहावा पुन्हा मोकळा, अकराव्याला विमान, पुढचे दोन परतीच्या रेल्वेचे. हे दोन मोकळे दिवस कोणी कितीही म्हटलं तरी कापू नका. बोट वेळेवर सुटली तर तेच दिवस सगळ्यात सुखाचे जातील.

बोटीतलं एक. आपल्याकडे घाटात बस लागते तशी तिथं बोट लागते, आणि ती बसपेक्षा वाईट लागते. नेहमीच्या डॉक्टरांना विचारून गोळी घ्या, विशेषतः सासूबाईंना रक्तदाबाची वगैरे औषधं चालू असतील तर विचारल्याशिवाय नाही. गोळी बोट सुटायच्या आधी घ्यायची असते, मळमळ सुरू झाल्यावर उपयोग होत नाही. बोटीच्या मध्यभागी, खालच्या बाजूला हेलकावे कमी बसतात. तळलेलं खाऊ नका. आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती, त्यातल्या नुसत्या दशम्या पोटात राहिल्या. माझ्या समोरच्या बाकावर एक बंगाली आजी पाय पोटाशी घेऊन बसली होती, कडेवर नातू, हातात लिंबू. बोट कलली की ती लिंबू नाकाशी धरायची आणि क्षितिजाकडे बघायची. मी तेच केलं. मळमळ सगळी गेली नाही, पण लांबच्या स्थिर रेषेकडे पाहत राहिलं की बरं वाटतं. मुलाला मोबाइल मात्र देऊ नका, खाली मान घालून बसलं की हमखास होतं.

त्या आजीवरून आठवलं. हट बेला भाषेची काळजी करू नका. फाळणीनंतर पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासित कुटुंबांना या बेटावर वसवलं गेलं. आपल्या गडचिरोलीत चामोर्शी, मुलचेरा भागात बंगाली वसाहती आहेत ना, त्यांचीच ही समुद्रापलीकडची भावंडं. हिंदी सगळ्यांना येते. जेवायला भात, डाळ, मासे. सासूबाई शाकाहारी असतील तर डाळ-भात, बटाट्याची भाजी मिळेल, ठेचा घरून न्या. एटीएमवर विसंबू नका, रोख रक्कम पोर्ट ब्लेअरलाच काढून ठेवा. समुद्राखालून इंटरनेटची तार २०२० मध्ये लिटल अंदमानपर्यंत पोहोचली, तरी जंगलात फोन लागेल असं धरू नका.

आणि बोलताना एक भान ठेवा. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनं हट बेचा किनारा, तिथल्या वस्त्या मोडून टाकल्या. तुम्ही ज्या टपरीवर चहा प्याल त्या माणसाचं घर तेव्हा गेलेलं असू शकतं. आपणहून विचारू नका, तो बोलला तर ऐका. मुलाला मात्र याच बेटावरची एक गोष्ट जरूर सांगा. इथं ओंगे नावाचे आदिवासी हजारो वर्षांपासून राहतात, आज ते शंभर-सव्वाशेच उरले आहेत. त्या सकाळी समुद्र एकाएकी मागं हटलेला पाहून ते उंचावर निघून गेले, आणि डुगाँग क्रीक या वस्तीतले ओंगे वाचले. समुद्र अचानक मागं गेला तर शिंपले गोळा करायला पुढं धावायचं नाही, उलटं वळून चढाकडे पळायचं, हे त्याला एकदा सांगितलं की तो जन्मभर विसरणार नाही.

ओंग्यांची वस्ती राखीव आहे. १९५६ च्या आदिम जमाती संरक्षण नियमानुसार तिथं जायला बंदी आहे, फोटो काढणं हाही गुन्हा आहे. कोणी "थोडे जास्त द्या, दाखवून आणतो" म्हणालं तर त्या माणसाबरोबर पुढं कुठंच जाऊ नका. आपल्या मेळघाटात, भामरागडात लोकांना बघायला गाड्या भरून येणाऱ्यांचा आपल्याला किती राग येतो ते आठवा.

आता धबधबा. हट बेच्या आसपास दोन आहेत. जवळचा व्हाइट सर्फ, धक्क्यापासून सहा-सात किलोमीटर, रिक्षानं जाता येतं आणि त्यानंतर फार चालावं लागत नाही. दुसरा व्हिस्पर वेव्ह, वीसेक किलोमीटर दूर, कृष्णा नाला नावाच्या वस्तीच्या बाजूला, आणि त्याचा शेवटचा टप्पा घनदाट जंगलातून पायी. तुमच्या मुलाच्या फोटोतला कोणता, ते मला माहीत नाही. पण सासूबाईंना न्यायचं असेल तर पहिला दिवस व्हाइट सर्फला द्या, चौघांनी मिळून. दुसऱ्या दिवशी तुम्ही तिघं व्हिस्पर वेव्हला जा, त्या हट बेलाच मुक्कामाच्या जागी थांबतील. वाट चालू आहे का, वन विभागाची परवानगी लागते का, हे आदल्या दिवशी तिथंच विचारा आणि वाट दाखवायला गावातला माणूस घ्या. मोबाइलवरच्या नकाशावर त्या जंगलात शिरू नका.

हे जंगल आपल्यासारखं नाही. आपला साग जानेवारीत पानं टाकायला लागतो आणि जंगल उघडं पडतं, लांबवर दिसतं. तिथं बारमाही हिरवं असतं. आपल्या बिजाचा भाऊबंद पडौक तिथं आकाशाला टेकलेला, खाली वेलींची जाळी. उजेड जमिनीवर उतरतच नाही. वाघ-बिबट नाहीत, ही एक भीती कमी. पण साप आहेत, गोम आहे, डास आणि समुद्रकाठची वाळूमाशी तर भरपूर. पायात पूर्ण बूट, अंगभर कपडे, झोपायला मच्छरदाणी. परत आल्यावर पुढच्या काही महिन्यांत ताप आला तर दवाखान्यात अंदमानला गेलो होतो हे आधी सांगा, म्हणजे मलेरियाची तपासणी लगेच होईल.

उजेडाचं मी सुरुवातीला बोलले. घड्याळ सगळ्या देशाचं एकच, पण हट बे आपल्यापेक्षा कितीतरी पूर्वेला आहे. जानेवारीच्या मध्यात आर्णीत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, तिथं सव्वापाचला. आणि दाट झाडीत त्याच्या तासभर आधी अंधारायला लागतं. आपण सवयीनं दुपारी जेवून, थोडं लवंडून, तीनला निघतो. तिथं तीनला परतीच्या वाटेला लागलेलं असायला हवं. चहावाल्या बाईनं आम्हाला सकाळी सातलाच हाकललं होतं, "दीदी, चार के बाद अंदर मत रहना." पहाट मात्र आपल्यापेक्षा लवकर होते, तिचा फायदा घ्या.

पाण्याबद्दल मी थोडं जास्त बोलणार आहे, रागावू नका. तुमचा मुलगा विहिरीत पोहायला शिकला असेल तर तुम्हाला वाटेल, चला, पोहता येतं. विहिरीचं पाणी स्थिर असतं आणि ते अंगाला उचलून धरतं. धबधब्याखालचा पांढरा फेस म्हणजे अर्धी हवा. ते पाणी माणसाला धरत नाही, पट्टीचा पोहणाराही त्यात खाली जातो. वरून पडणारी धार पाण्याला तळाकडे ढकलते आणि तळाशी दगड असतात, ते दिसत नाहीत. म्हणून धारेखाली कोणी जायचं नाही. डोहाच्या कडेला, जिथं पाणी गुडघ्याएवढं आणि तळ दिसतो, तिथं बसून पाय सोडा. खडकावर शेवाळ असतं, चप्पल घालून त्यावर चढू नका. आणि जिथं ओढा समुद्राला मिळतो, खाडी आणि खारफुटी असते, तिथं पाण्यात उतरूच नका, खाऱ्या पाण्यातली मगर या बेटावर आहे. २०१० मध्ये हॅवलॉकच्या राधानगर किनाऱ्याजवळ एका परदेशी पर्यटक बाईंचा मगरीनं जीव घेतला होता. पाटी लावलेली असो नसो, आधी गावातल्या माणसाला विचारा.

मी हे एवढं का लांबवतेय, ते सांगते. खूप वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये आम्ही सातवीच्या मुलींना घेऊन चिखलदऱ्याला गेलो होतो. खालच्या अंगाला एका ओढ्यात मुली पाय बुडवून बसल्या होत्या. आमच्या डोक्यावर ऊन. पाणी इतकं नितळ, की तळाचे गोटे मोजावे. एका मुलीनं तिची लाल रिबन धुवायला काढली होती. आधी सागाची पानं वाहत आली, तीन-चार, मग एकदम पुष्कळ, मग बारीक काटक्या. मी पाहत होते आणि मला काहीच कळलं नाही. पलीकडे मोळी बांधत असलेली कोरकू बाई ओरडली. तिची भाषा कळली नाही, हात कळला. आम्ही मुलींना दंडाला धरून वर ओढलं. तोवर पाण्याचा रंग गुळवणीसारखा झाला होता. वर डोंगरात कुठंतरी पाऊस झाला होता. एक भाकर खाऊन व्हायला लागतो तेवढ्या वेळात, ज्या दगडावर ती मुलगी बसली होती तो दिसेनासा झाला. रिबन गेली. बाकी सगळ्या जणी घरी आल्या.

तर पाण्यात पानं-काटक्या वाढल्या, रंग बदलला, आवाज जाड झाला, यातलं एक जरी जाणवलं तरी सामान सोडून वर चढायचं. हे नियम कोणत्याही बेटावर, कोणत्याही डोंगरात तेच. मुलाला हे घरीच शिकवा, पावसाळ्यात गावच्या नाल्याच्या धुऱ्यावर उभं राहून. पूर येतानाचं पाणी कसं दिसतं, ते त्याला तिथं दाखवता येईल.

सासूबाईंचा प्रश्न राहिला. न्या त्यांना. तुमच्या पत्रात धबधब्याचंच जास्त आहे, पण मला सावरकरांच्या कोठडीबद्दलची त्यांची ती एक ओळ जास्त खरी वाटली. सावरकर ४ जुलै १९११ ला पोर्ट ब्लेअरच्या सेल्युलर तुरुंगात पोहोचले, १९२१ पर्यंत तिथं होते. त्या इमारतीच्या सात फाट्यांपैकी आज तीनच उभे आहेत, त्यात वरच्या मजल्यावर त्यांची कोठडी. जिने चढावे लागतात. त्यांना घाई करू नका, विमानातून उतरलेल्या दिवशी तर मुळीच नेऊ नका, चौथ्या दिवशी सकाळी न्या. दोन जिन्यांमध्ये बसायला वेळ द्या. गुडघ्यांच्या डॉक्टरांकडे आत्ताच नेऊन आणा, पट्टा आणि काठी यांची सवय त्यांना निघायच्या महिनाभर आधी व्हायला हवी. रोज संध्याकाळी त्यांना वावरापर्यंत चालवा. बोटीनं जायचं त्यांच्या जिवावर आलं, तर त्या आणि तुमचे मालक पोर्ट ब्लेअरला थांबू शकतात. ते तुम्ही दोघांनी आधी बोलून ठेवा, त्यांच्यासमोर धक्क्यावर नको. हट बेला सरकारी दवाखाना आहे, पण मोठा इलाज पोर्ट ब्लेअरलाच.

शंख, प्रवाळाचे तुकडे घरी आणायचा मोह होईल. प्रवाळ उचलणं कायद्यानं गुन्हा आहे आणि विमानतळावर पिशव्या तपासल्या जातात. पोराला आधीच सांगा, नाहीतर तिथं रडेल.

आता त्याचा प्रश्न. बेटा, व्हाइट सर्फचा ओढा पूर्वेकडे जातो आणि काही किलोमीटरांतच समुद्राला मिळतो. त्या बाजूच्या समुद्राला अंदमानचा समुद्र म्हणतात. बेटाच्या पश्चिमेला आहे तो बंगालचा उपसागर. तुझ्या गावची अरुणावती कुठं जाते, तेही नकाशात शोध. ती पैनगंगेला मिळते, पैनगंगा वर्धेला, वर्धा वैनगंगेला मिळून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीला, आणि गोदावरी आंध्रात बंगालच्या उपसागराला. पेन्सिल घे, आर्णीपासून रेघ ओढत जा, मग समुद्र ओलांडून हट बेपर्यंत ने. जायच्या आधी ही रेघ पूर्ण कर आणि बोटीवर तो नकाशा आजीजवळ दे, त्यांना बसल्या बसल्या बघता येईल.